मुकादम आणि तिची कानबाई

माझी बायको कधी आवाज चढवून बोलली नाही, तरी नवागामच्या आमच्या घरांच्या लाइनीत सगळे तिला मुकादम म्हणायचे. हळू आवाजात ती अख्ख्या गल्लीला कामाला लावायची. मी चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात काढली, कान गेले, म्हणून घरात मोठा आवाज माझाच.

तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. तेव्हा ती घाबरली नाही. डॉक्टरलाच म्हणाली, "चार पोरं दिली या पिशवीनं, आता करा तिला रिटायर." घाबरली ती ऑपरेशननंतर. खोकली की लघवी गळायची, हसली की गळायची. तिनं हसणं सोडलं, बाहेर जाणं सोडलं, पाणीसुद्धा तोडलं. श्रावण चार महिन्यांवर होता. तेव्हा आमच्या घरी बसणारी कानबाई देवी दर वर्षी तिच्याच डोक्यावर नाचत तापीवर विसर्जनाला जायची. "वाटेत गळालं तर? देवीला विटाळ होईल," एवढंच तिच्या मनात. हे तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. मी म्हणालो, "काय? लघवी थांबत नाही?" लूमवर बोलतो तसाच बोललो. समोरच्या घरातलं भांडी घासणं थांबलं.

"तुमनं तोंड शे का भोंगा?" म्हणाली, आणि दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी समोरची शेजारीण दारात आली. मग दुसरी, मग तिसरी. त्यांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, बाळंतपणं झालेली, पण दुखणं हेच. वर्षानुवर्षं फडकी लावून गप्प. मुकादमला माणसं मिळाली. तिघींना घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या व्यायामाच्या बाईनं सांगितलं, लघवी अडवताना जिथं आवळतो तिथं आवळा, पाच मोजा, सोडा. श्वास कोंडू नका, पाणी तोडू नका.

श्वास कोंडायला नको म्हणून ही तोंडानं मोजायला लागली. दुपारी चौघी ओट्यावर भेंडी चिरत बसायच्या, आणि मध्येच एका सुरात, "एक, दोन, तीन..." भाजीवाला बुचकळ्यात पडायचा. मी एकदा विचारलं, "मी पण करू का?"

"तुम्ही आधी तोंड आवळा," म्हणाली.

श्रावणापर्यंत कमी झालं, पुरतं थांबलं नाही. विसर्जनाच्या दिवशी तिनं पॅड लावलं, लुगडं नेसली, तांब्याभर पाणी प्यायली. मी म्हणालो, "देवी सुनेच्या डोक्यावर देऊ का?"

"का? कानबाईबी बाईच शे. तिले समजस."

गेली नाचत. मी मागून, पिशवीत दुसरं लुगडं घेऊन. ते लागलं का नाही, ते मी कोणाला सांगणार नाही. तोंड आवळायला तेवढं शिकलो.

गेल्या थंडीत आजार फिरून आला आणि तिला घेऊन गेला. शेवटी लघवीला नळी लावली तेव्हा म्हणाली, "चला, मोजायची सुट्टी." नर्स हसली. मला नाही जमलं.

यंदा दुखवट्याचं वर्ष, आमच्याकडे कानबाई बसली नाही. मी दार लोटून आत पडलो होतो. मला वाजंत्री उशिरा ऐकू येते, तोवर ती दाराशी येऊन थांबली होती. फटीतून बघितलं. ओट्यावरच्या त्या तिघींपैकी एकीच्या डोक्यावर तिच्या घरची कानबाई होती. बाकी दोघी, साठीला आलेल्या बाया, माझ्या दारापुढं फुगडी घालत होत्या आणि पोट धरून हसत होत्या.

मी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहिलो.