भुईगावची मॅग्डलीन आणि रोमची बोट

भुईगावातून कोणी बोटीने परमुलखाला निघालं, की आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावायचं आणि तिथून थेट मॅग्डलीन रुमावच्या ओट्यावर येऊन बसायचं. मग तो आफ्रिकेला सुतारकामाला निघालेला असो, नाहीतर बसऱ्याला तेलाच्या कंपनीत. मॅग्डलीनचा नवरा ऐन तरणेपणी गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती वांद्र्याला एका साहेबाच्या घरी आया म्हणून राहिली. साहेब सुट्टीवर मायदेशी निघाला की त्याच्या पोरांना सांभाळायला तीही बोटीत चढायची. अशा सात खेपा तिने केल्या होत्या. परसातली विहीर माहीत असावी तसा तिला समुद्र माहीत होता.

"बोट लागते ती रिकाम्या पोटाला," ती सांगायची. "उलटी होईल म्हणून उपाशी राहू नका. कोरडा पाव खा, आलं चघळा. खोलीत लोळत पडू नका, डेकवर जा आणि पाणी आभाळाला टेकतं तिथे नजर लावा. खोली मागायची ती बोटीच्या मध्यावर. टोकाची खोली पाळण्यासारखी झुलते. मोठी पेटी बोटीच्या पोटात जाते, मुक्काम येईपर्यंत तिचं दर्शन नाही. म्हणून चार दिवसांचे कपडे, औषध, जपमाळ हातातल्या पिशवीत ठेवा. पोर्ट सैदला होड्यांतून माल विकायला येतात, त्यांनी टोपली वर पाठवली तर वस्तू नीट पाहिल्याशिवाय घेऊ नका."

हे सगळं ती न हसता सांगायची. लोकांना वाटे, बाईचा स्वभावच करडा आहे. पण शेवटच्या खेपेआधीची मॅग्डलीन ज्यांनी पाहिली होती त्यांना ठाऊक होतं, की ती पूर्वी अशी नव्हती.

शेवटच्या खेपेला, एकोणचाळीस साली, ती विलायतेत पोचली आणि चार महिन्यांत लढाई पेटली. परतीची बोट मिळेना. सात वर्षं ती तिकडे अडकून पडली. भुईगावात तिची म्हातारी आई रोझलीन एकटी होती. मॅग्डलीन तिला पत्रं लिही. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून पत्र आलं की शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ मार्सेल ते वाचून दाखवी. मार्सेल शिकलेला, चर्चच्या कमिटीवर बसणारा. लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण त्याच्या तोंडभर होते, पण आवाज मात्र असा गोड की उपासनेत शास्त्रपाठ वाचायला त्यालाच उभं करत.

सेहेचाळीस साली मॅग्डलीन परत आली तेव्हा आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. विहिरीसकट केळीची वाडी मार्सेलच्या नावावर लागली होती. मॅग्डलीनला राहती दोन खणांची जागा उरली.

शेजारच्या विनीमावशीने तिला पेज वाढली आणि हळूच विचारलं, "तू आईला असं का लिहिलंस गो?"

"कसं?"

"की मी आता इकडचीच झाले, परत यायची नाही, माझी वाट बघू नका. मी तेव्हा ओट्यावरच बसले होते. मार्सेल वाचत होता. तुझ्या आईने पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिलं. म्हणाली, पुन्हा वाच. त्याने पुन्हा तेच वाचलं. पुढच्या पाऊसकाळात तिने वाडी त्याच्या नावावर केली. मुलगीच येणार नाही तर ठेवायची कुणासाठी, म्हणाली."

आईने पत्रं टाकली नव्हती. देवाच्या तसबिरीमागे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळी जपून ठेवली होती. मॅग्डलीनने ती एकेक उघडली. प्रत्येक पत्रात तिच्याच हाताने लिहिलं होतं, 'आई, बोट मिळाली की त्याच दिवशी निघते. तब्येत सांभाळ. वाडी कोणाला देऊ नकोस.'

त्या दिवशी ती रडली नाही. मार्सेलच्या दारातही गेली नाही. वाटेत तो भेटला तर "काय दादा" म्हणायची आणि पुढे जायची. गाव म्हणालं, मॅग्डलीन मोठ्या मनाची. तिचं मन मोठं नव्हतं, ते नुसतं थांबलं होतं. वाडीच्या कडेने गावच्या विहिरीवर जाताना तिला रोज आईच्या हातातलं ते पत्र दिसायचं, दुसऱ्यांदा वाचायला पुढे केलेलं. चार वर्षं तिने ते पोटात ठेवलं, आणि ते पोटात कुजलं नाही, मुरलं.

पन्नास साल रोमच्या पवित्र वर्षाचं, पंचवीस वर्षांनी येणाऱ्या यात्रेचं. वसईच्या आसपासच्या गावांतून बारा-तेरा माणसं फादरांबरोबर बोटीने रोमला निघायची ठरली. मार्सेलने आपलं आणि बायकोचं, क्लाराचं, नाव पहिल्याच दिवशी दिलं. रोमला जाऊन आलेला कमिटीचा माणूस म्हणजे गावात काय मान, हे त्याला कळत होतं. बोटकंपनीचे कागद आले ते सगळे इंग्रजीत. मार्सेलचं इंग्रजी आधीच बेताचं, आणि त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. फादरांकडे जाऊन 'मला वाचता येत नाही' म्हणायची त्याला लाज वाटली. एका दुपारी तो कागद घेऊन मॅग्डलीनच्या ओट्यावर आला.

"मॅग्डू, तू तर समुद्र कोळून प्यायली आहेस. जरा वाचून सांग, काय काय लागतं ते."

मॅग्डलीनने चष्मा लावला.

तिने सगळं वाचलं, आणि खरंच वाचलं. कोणत्या दिवशी किती वाजता मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर हजर व्हायचं, पेटीवर नाव कसं रंगवायचं, गरम कपडे किती घ्यायचे. मग ती देवी टोचण्याच्या कलमावर आली. प्रत्येक प्रवाशाने निघण्याआधी देवी टोचून घेतलेली असली पाहिजे, आणि सरकारी शिक्क्याचं पुस्तक जवळ नसेल त्याला बोटीवर घेतलं जाणार नाही, असं तिथे ठळक अक्षरात छापलं होतं.

"देवी टोचायच्या आहेत," ती म्हणाली. "पण ज्याला देवी येऊन गेल्या त्याला सूट आहे. वण दाखवले की पुरे."

मार्सेलने गालावरून हात फिरवला. "म्हणजे मला नको?"

"तुला नको, दादा. वहिनीला लागेल. मी बाकीच्या बायकांबरोबर तिला घेऊन जाते."

"पुन्हा एकदा वाच बरं ते."

मॅग्डलीनने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि तेच पुन्हा वाचलं.

पुढचे पंधरा दिवस तिने क्लाराची तयारी स्वतःच्या हाताने केली. क्लारा गरीब गाय. नवऱ्याने बस म्हटलं की बसायची. मॅग्डलीनने तिच्यासाठी वेगळी पेटी भरली, रोमच्या थंडीसाठी लोकरीची शाल दिली, डेकवर खुर्ची पहिल्याच दिवशी कशी सांगून ठेवायची ते शिकवलं. तिकीट, पासपोर्ट आणि देवीचं पुस्तक ठेवायला कापडी पिशवी शिवली आणि तिच्या गळ्यात अडकवली.

"हे त्यांच्याजवळच देते ना," क्लारा म्हणाली.

"नाही. बोटीच्या प्रवासात ज्याचे कागद त्याच्याजवळ. नवऱ्याच्या खिशात आपले कागद ठेवायचे नाहीत. तुझा नवस आहे ना रोमचा? मग काहीही झालं तरी बोटीत चढायचं. वचन दे."

क्लाराने काही न समजता वचन दिलं.

निघायच्या दिवशी बॅलार्ड पिअरवर निम्मं भुईगाव पोचवायला आलं होतं. लाल लुगड्यांची गर्दी, हार, कोणी गात होतं. मार्सेल नव्या कोटात सगळ्यांच्या पुढे. डॉक्टरांच्या टेबलापाशी त्याने ऐटीत तोंड पुढे केलं आणि गालाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी पुस्तक मागितलं. मार्सेलने पुन्हा बोट दाखवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वण मला दिसतायत. पुस्तक कुठाय?" आणि पुस्तक नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला बाजूला उभं केलं. फादरांनी रदबदली केली, पण नियम तो नियम.

"क्लारा, चल घरी," मार्सेल म्हणाला.

क्लारा शिडीपाशी पोचली होती. तिने वळून पाहिलं. तिचा हात गळ्यातल्या पिशवीवर गेला. क्षणभर तिचे ओठ हलले, मग तिने मान खाली घातली आणि ती फादरांच्या मागोमाग शिडी चढून गेली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिने नवऱ्याचं न ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

बोट सुटली. लोक रुमाल हलवत राहिले. मार्सेल आपल्या पेटीवर बसला होता. मॅग्डलीन त्याच्याजवळ गेली.

"मी वाचलं तसं कागदात नव्हतं, दादा."

त्याने धूसर डोळे वर केले. "मुद्दाम केलंस?"

"हो. आईने पण तुला पुन्हा वाचायला सांगितलं होतं."

मार्सेलच्या तोंडाचा रंग उतरला, आणि तो उतरताना ती पाहत राहिली. चार वर्षं तिने याच घडीची वाट पाहिली होती. तिला वाटलं होतं तेवढंच गोड लागलं, तसूभरही कमी नाही.

गावात परतल्यावर मार्सेलने कमिटीपुढे तक्रार केली, की मॅग्डलीनने केसाने गळा कापला. यात्रेला गेलेल्या फादरांच्या जागी आलेले म्हातारे फादर आग्नेल यांनी दोघांना बोलावलं. कमिटीचे पाच जण बसले होते. मॅग्डलीनने काही नाकारलं नाही. तिने तो पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"मी खोटं वाचलं, फादर. त्याची काय शिक्षा ती द्या. त्याआधी एवढं वाचा. मोठ्याने."

फादर आग्नेल यांनी पत्रं वाचली. अकरा होती. तिसऱ्या पत्राला कमिटीतला एक जण उठून खिडकीशी गेला. मार्सेल मान खाली घालून शेवटपर्यंत बसला. विनीमावशीने साक्ष दिली. त्यानंतर शास्त्रपाठ वाचायला मार्सेलला कोणी उभं केलं नाही. 'डोळ्यांमुळे' असं तो सांगे आणि लोक ऐकून घेत.

महिन्याभरात त्याने निरोप पाठवला, वाडी परत घे. मॅग्डलीनने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "विहिरीचं पाणी घेईन. वाडी त्यालाच राहू दे. रोज तिच्यात जाऊन उभा राहू दे."

क्लारा डिसेंबरात परत आली, उन्हाने रापलेली, ताठ चालणारी. ती शाल परत द्यायला ओट्यावर आली. मॅग्डलीनने तिला बसायला पाट दिला, पण ती बसली नाही.

"रोमला गावाहून पत्र आलं, त्यातून मला सगळं कळलं," क्लारा म्हणाली. "त्यांनी तुझ्या आईला जे केलं त्याला क्षमा नाही. पण तू मला हत्यार केलंस, मॅग्डू. मी रोमला त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तुझ्यासाठी करायला गेले, तर शब्द फुटले नाहीत."

मॅग्डलीनने शाल घेतली आणि म्हणाली, "बोट लागली का तुला?"

"पहिले दोन दिवस. मग आलं चघळलं."

एवढंच बोलणं झालं. क्लारा नंतर दर वर्षी सणाला भेटत राहिली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही.

बोटीने निघणारे लोक पुढेही मॅग्डलीनकडे येत राहिले. खोली कुठली घ्यावी, पेटीत काय भरावं, तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. मात्र तिने कागद वाचून दाखवला, की तो घडी करून खिशात घालत, आणि परस्पर फादरांकडे जाऊन पुन्हा वाचून घेत. मॅग्डलीनला ओट्यावरून ते चर्चच्या वाटेला वळताना दिसत. तिने कधी कोणाला हटकलं नाही. सत्तावन्न साली मार्सेल गेला तेव्हा ती चर्चमध्ये त्याच्या मिस्साच्या प्रार्थनेला गेली, मागच्या बाकावर बसली, आणि माती टाकायच्या वेळी घरी निघून आली.