ब्रेक हुंगणारा मेस्त

चाक काढायचं, ब्रेकचे दोन्ही पॅड चिमटीत धरून नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. डिचोलीच्या आमच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या मेस्तचं निदान असं चाले. पाने, स्क्रू, तारा नंतर, आधी नाक. मग डोळे उघडून तो एकच शब्द बोले. "रॉकेल." किंवा "इंजिन ऑइल." एकदा "बांगड्याचें हुमण" म्हणाला, तेव्हा सायकलच्या मालकाने मान खाली घातली. कालवणाचा डबा मागच्या चाकावर सांडला होता.

माझ्या पॅडचा वास घेऊन म्हणाला, "खोबरेल. सायकलीक केंस आसात व्हय?"

मी तेव्हा नुकतीच डिस्क ब्रेकची सायकल घेतली होती. मातृभाषेतल्या शाळा वाचवायच्या होत्या आणि त्यासाठी सर्वण, कारापूरपर्यंत घरोघर पत्रकं पोचवायची होती. आमच्या हवेत लोखंड उघडं राहिलं की आठवड्यात लाल होतं, म्हणून कोयत्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला तेल चोळायची इथली रीत. मी सायकलीलाही चोळलं. चकचकीत डिस्कला जरा जास्तच. मग कारापूरच्या उतारावर ब्रेक मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी सायकल थांबेना. ज्या बसस्टॉपवर पत्रकं वाटायची होती, तिथल्या लोकांसमोरून मी पिशवीसकट निघून गेलो. शेवटी चपला घासून थांबलो.

"तार ढिली झालीय, ओढून घे," असं मीच मेस्तला वर सांगितलं होतं.

"तार बरी आसा," तो म्हणाला. "पॅड तेल पियेला. पियेल्लो मनीस शुद्धीर येता, पॅड येना."

त्याने नवे पॅड घातले. डिस्क पुसायला मी पिशवीतलं पत्रक पुढे केलं, तर हात मागे घेतला. "शाई सुटता तुज्या कागदाक." कोरं फडकं स्पिरिटमध्ये भिजवून त्याने डिस्क पुसली. तिला बोट म्हणून लावलं नाही. माझं पत्रक मात्र हात धुऊन, उभ्या उभ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इतकं सावकाश वाचणारा वाचक मला आजवर मिळालेला नाही.

मी निघालो तर तो सायकल सोडेना. नवा पॅड डिस्कवर बसायला हवा; वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग. "वीस फावट." मी सहा वेळा केलं, कंटाळलो आणि परत आलो. त्याने डिस्ककडे नुसतं पाहिलं. "आनीक चवदा," म्हणाला.

पुढे मी कामाशिवायही त्याच्याकडे बसू लागलो. तुमच्याही गावात असं एखादं दुकान असेल, जिथे गिऱ्हाइकापेक्षा बसणारे जास्त. मराठी की कोकणी हा वाद आमच्या गोव्यात राज्य झालं तरी मिटलेला नाही, आणि मी तो तावातावाने घालायचो. एकदा मी त्याला थेट विचारलं, "मेस्ता, तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"देंवतेर ब्रेक लागलो ना जाल्यार मनीस आवयक हाक मारता," उताराकडे बोट दाखवून तो म्हणाला. "ती खंयचे भाशेंत, तें तूं सोदून काड. मागीर पत्रक छाप." 'आई गं'ची भाषा आधी शोध, हे ऐकून दुकानातले सगळे हसले. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच होतो.

मग साथीचं वर्ष आलं. मेस्त महिनाभर अंथरुणाला खिळला. परत आला तो निम्मा होऊन. पण दुकान उघडलं, चाकं काढली, पॅड नाकाशी नेले, डोळे मिटले. सगळं पहिल्यासारखं.

सर्वणच्या अंगणवाडीतल्या एक बाई भाच्याची जुनी, डिस्क ब्रेकची सायकल वापरायच्या. ब्रेक कमी लागतो म्हणून त्यांनी ती मेस्तकडे आणली. त्याने हुंगून सांगितलं, "तेल ना." तार ओढून दिली. तिसऱ्या दिवशी बाई सायकल ढकलत चालत आल्या. उतारावर ब्रेक लागलाच नाही, त्या सायकलसकट शेतात घुसल्या होत्या. गुडघा सोलला होता, साडीला चिखल होता.

मेस्तने पुन्हा पॅड काढले, हुंगले. "तेल ना," म्हणाला, आणि तार आवळायला घेतली.

मी दोन हात अंतरावर बसलो होतो. मला तिथून खोबरेलाचा वास येत होता.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगत आलो, त्याची पत्रकं छापली. त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. मी मेस्तकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. बाई सायकल घ्यायला उठल्या. अजून सर्वणचा उतार त्यांना उतरायचा होता.

"बाय, थांब," मेस्त म्हणाला. पाना खाली ठेवला. "म्हाका वास येना. दुयेंत पडलों तेन्नासावन येना. आदले फावट हांवें तुका फट सांगली."

आजारपणापासून नाक गेलंय आणि मागच्या वेळी आपण खोटं बोललो, हे त्याने भर दुकानात सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "इतलेंच मरे? म्हज्या घोवाकय येना. बरेंच जालें, हुमण करपलें तरी मुकाट जेवता." त्यांनी पॅड घेतला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "खोबरेल. भाच्याचेंच काम."

नव्या पॅडचे पैसे मेस्तने घेतले नाहीत. वीस वेळा थांबायला बाई चिखलाच्या साडीतच रस्त्यावर गेल्या.

त्यानंतर चाक काढण्याआधी तो प्रत्येकाला सांगू लागला: आपल्याला वास येत नाही, पॅड तुम्हीच हुंगून बघा. काही जण हसले आणि म्हापशाच्या नव्या दुकानात गेले. मी चिडलो, त्याच्या बाजूने पाटी लिहून आणली, चांगली दहा ओळींची. त्याने ती वाचून आठ ओळींवर काट मारली. वास येत नाही, पॅड तुम्हीच हुंगा, एवढं उरलेलं दाराला लावलं. मी लिहिलेल्यांपैकी तेवढंच एक लोकांनी पूर्ण वाचलं.

दोन वर्षं त्याने असं दुकान चालवलं. मग पेडण्याला मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. दुकान रिकामं करायला मुलगी आली, तेव्हा मी मदतीला गेलो. आम्ही पाटीचे खिळे उपटत होतो, तोच अंगणवाडीच्या बाई उतारावरून सायकलने आल्या. चांगल्या वेगात होत्या. बंद झालेल्या दुकानासमोर ब्रेक दाबून जागच्या जागी उभ्या राहिल्या, एक पाय जमिनीवर.

"काही काम होतं, बाई?" मी विचारलं.

"ना रे," त्या म्हणाल्या. "थांबता काय पळयतां."

थांबलेल्या चाकाकडे त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि पॅडल मारून निघून गेल्या.