बुरशीभोवतीचं कडं

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना बुरशी दाखवत होते. "बन्सीमामा गेले गं..." एवढंच ती बोलली. हातातली काचेची बशी मी खाली ठेवली. त्याला आता महिना होईल. मामा आमच्या नात्यातले नव्हेत. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावी ते सहकारी दूध डेअरीत फॅट तपासायचे, आणि अख्खं गाव त्यांना मामा म्हणायचं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते ते साल दुष्काळाचं. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. नापास झाले तर पुढच्या वर्षी एसटीचा पास निघणार नाही, हे कुणी न सांगताही मला ठाऊक होतं. माझा प्रकल्प बुरशीच्या पचनाचा. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. तिचे तंतू टोकांतून विकर, म्हणजे पाचकरस, बाहेर सोडतात. तो रस प्रथिनं फोडतो आणि झालेले बारीक तुकडे तंतू शोषून घेतात. आधी पचवायचं, मग खायचं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले होते. जेलीसारख्या अगारमध्ये दूध मिसळून थिजवलेल्या बशीत बुरशी वाढवली की दुधातली प्रथिनं फुटून तिच्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. बुरशी मी डेअरीतल्याच भिजलेल्या पेंडीवरून घेतली. पुस्तकात साय काढलेलं दूध सांगितलं होतं, पण मला वाटलं, दूध जितकं चांगलं तितकं कडं चांगलं. जनावरं चारा छावणीत, डेअरीत जेमतेम दोन कॅन दूध. तरी मामांनी माझ्यासाठी तांब्याभर राखून ठेवलं.

बुरशी फोफावली, कडं काही उमटेना. सोमवारी परीक्षक येणार... गुरुवारी सकाळी मी बशी घेऊन डेअरीत गेले.

"रडतीस कावून?" म्हणत मामांनी बशी खिडकीकडे धरली, तिरपी केली. "आगं, म्हशीचं दूध हाय हे! लेकीला द्यायचं म्हणून लई जाड बघून दिलतं. तुझी बुरशी फॅट खाती का?"

"न्हाई मामा. प्रथिन खाती."

"मग तिनं तिचं खाल्लं की! मागं फॅट ऱ्हायलं, त्येच पांढरं दिसतंय. आन् फॅटवाल्यालाच कळलं न्हाई बघ!"

त्यांनी साय काढायचं हातमशीन स्वतः फिरवलं. निळसर, पातळ दूध माझ्या हातात देत म्हणाले, "असलं दूध दुसऱ्या कुणी आणलं असतं तर पाणी घातलंस म्हणून हाकलला असता!"

त्या दुधाची नवी बशी मी त्याच दिवशी कॉलेजात भरली, बुरशी लावली आणि घरी आणून ट्रंकेत ठेवली. रविवारी ती बाहेर काढली आणि मी ओरडलेच. कडं! बांगडीएवढं गोल, आरपार! तशीच पळत डेअरीत गेले. मामा आल्यागेल्याला बशी दाखवत म्हणत होते, "बिनातोंडाची जेवली बघा!" प्रकल्प पास झाला. मग त्यांनी एक बशी मागून घेतली.

दहाव्याला गेले तेव्हा डेअरीत डोकावले. खिडकीत, फॅट मोजायच्या काचनळ्यांशेजारी ती बशी होती. चिकटपट्टीने बंद केलेली, आतलं दूध वाळून पिवळ्या कागदासारखं झालेलं. वर मामांचं अक्षर: हात लावू नये. फॅट काढलेलं आहे.

मी हात लावला. त्यांच्यासारखीच बशी उजेडाकडे तिरपी धरली. कड्यातून समोरचा एसटीचा थांबा स्वच्छ दिसत होता.