बाज्याची बारी आणि बारा मेगापिक्सल

कॅमेरा घेताना बैलाची पारख लावायची असते, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर आमच्या बैठकीच्या भिंतीवर आज जो फोटो टांगलाय, त्यात मी नसतो. (पाहुण्यांना आधी तो फोटो दाखवतात, पाणी मागाहून.)

त्याचं असं झालं. आमच्या तात्यांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बाज्या नावाचा बैल होता. बैलगाडा शर्यतीचा. महाळुंगे पडवळच्या आमच्या घरापासून पार निमगाव साव्यापर्यंत शर्यतीचा असा घाट नव्हता, जिथं भोंग्यावरून बाज्याचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. त्याचे फोटोही मोप होते, पण सगळे उभ्याने. गळ्यात हार, शिंगांना गोंडे आणि तोंडावर मुलगी पसंत नसलेल्या नवरदेवाचा भाव! पळतानाचा एकही फोटो नव्हता. यात्रेतले फोटोग्राफर बक्षीस मिळाल्यावर उगवायचे, आणि तेव्हाचे मोबाईल फोटो काढायचे की रांगोळी विस्कटायचे हे सांगता येत नसे.

बाज्याचं वय झालं होतं. यात्रेला दीड महिना उरला असताना तात्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "ह्या यात्रंला बाज्याची शेवटची बारी. पुन्हा त्याला घाटात न्यायचा न्हाई."

आई म्हणाली, "बरं केलंत."

"पण मला त्याचा पळताना फोटू पायजे. चारी पाय वर! त्यो भितीवर लावीन आन् मग खुशाल मरंन."

"आधी जेवा," आई म्हणाली.

कॅमेरा घ्यायचा ठरलं. बजेट पाच हजारांच्या आत, आणि त्यातच पिशवी, चार्जर आणि जाण्यायेण्याचा चहा बसवायचा, ही तात्यांची अट. निवड अर्थातच माझ्याकडे. मी हायस्कुलात गणित शिकवतो आणि न विचारता समजावून सांगायची मला सवय आहे. मी दोनशे पानी वही आणली, तिच्यात रकाने आखले आणि मेगापिक्सल, झूम, स्क्रीन, बॅटरी अशी माहिती भरत गेलो. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनाही गाठून विचारलं. त्यातला एक म्हणाला, "सर, तुम्हाला फोटो कशाचा काढायचाय?" हा प्रश्न मला फारच प्राथमिक वाटला. मी त्याच्याकडून फक्त मेगापिक्सलचा आकडा लिहून घेतला.

महिन्याभराच्या अभ्यासातून मी एक सिद्धांत मांडला: ज्यात मेगापिक्सल जास्त, तो कॅमेरा चांगला. एवढ्यासाठी दोनशे पानी वही लागली.

रविवारी आम्ही एसटीनं जुन्नरला निघालो. मी, तात्या आणि शेजारचा दत्तू. दत्तूला कॅमेरा घ्यायचा नव्हता. त्याचा कांदा साठवणीच्या चाळीत गेला होता, हात रिकामे होते आणि कुणी कुठं निघालं की सोबत जायचं हा त्याचा स्वभावच. दुकान हमीदभाईंचं. तात्यांनी पहिला रेडिओ तिथूनच घेतला होता, म्हणून कॅमेराही तिथूनच.

"या तात्या! आज बैल सोडून कॅमेरा?" हमीदभाईंनी स्टुलं पुढं केली, चहा मागवला. "कसा दाखवू?"

"तरणा दाखवा," तात्या म्हणाले.

हमीदभाईंनी दोन कॅमेरे काचेवर ठेवले. एक चंदेरी, सडपातळ, बारा मेगापिक्सलचा. दुसरा काळा, जाडजूड, शोकेसमध्ये उन्हानं थोडा विटलेला, पाचच मेगापिक्सलचा. मी चंदेरीवर झडप घातली. तात्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, तळहातावर तोलला, उलटा केला, खालून पाहिला आणि एकदम त्याच्याजवळ फाडकन टाळी वाजवली!

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी हळूच विचारलं, "तात्या, हे काय?"

"दचकतंय का बगतोय."

"तात्या, त्याला कान नसतात," हमीदभाई म्हणाले.

"मंग चाल दावा."

हमीदभाईंनी बटण कुठलं ते दाखवलं. तात्यांनी दत्तूला चहाच्या कपासकट दारात उभं केलं. "दत्तू, हात वर करून खाली घे." दत्तूनं हात वर केला, तात्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यातून झूंऽऽ असा आवाज आला, लाल दिवा लागला, तो विझला, हिरवा लागला, आणि मग खट्! तोवर दत्तूचा हात खाली येऊन चहाच्या कपापर्यंत पोचला होता. फोटोत तो चहा घेताना आला.

"ह्यो इचार करतोय," तात्या म्हणाले.

"तात्या, तो फोकस करतोय! सूक्ष्म काम असतं ते."

"घाटात जनावरानं इचार केला की बारी संपली, मास्तर." (मी चुकलो की ते मला मास्तर म्हणतात. लहानपणापासून. नोकरी नंतर लागली.)

मग काळा घेतला. दत्तूनं हात वर केला, तात्यांनी बटण दाबलं, खट्. फोटोत हात वर!

"ह्यो घ्यायचा," तात्या म्हणाले. "दाबला की सुटतोय."

मी काही बोलायच्या आत तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हमीदभाईंच्या हातावर टाकला. आमच्याकडे बैलाचा सौदा असाच होतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबून भाव सांगायचा, तोंडानं चकार शब्द नाही, म्हणजे बाजारात दुसऱ्याला पत्ता लागत नाही. पण हा बाजार नव्हता, शोरूम होती, आणि कॅमेऱ्याच्या बुडाला छापील किंमत चिकटवलेली होती! हमीदभाई मात्र मुरलेले. क्षणभर गोंधळले, मग त्यांनी शांतपणे हात पुढं केला. टॉवेल हलू लागला. तात्यांच्या भुवया वर गेल्या, हमीदभाईंनी मान हलवली, टॉवेल पुन्हा हलला. गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी. शेवटी दोघं हसले आणि टॉवेल उचलला गेला. सौदा झाला.

आणि त्या क्षणी मी वही उघडून म्हणालो, "नाही! हा घ्यायचा नाही. पाच मेगापिक्सल म्हणजे काहीच नाही. मी महिनाभर अभ्यास केलाय!"

बोटं धरून ठरलेला सौदा मोडायचा नसतो. तात्यांनी आयुष्यात एकदाही मोडला नव्हता. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तेव्हाच गप्प बसावंसं वाटायला पाहिजे होतं. पण वहीत रकाने होते ना!

शेवटी दत्तूनंच कप खाली ठेवला. "तात्या, सौदा मोडू नगा. काळा मी घेतो. कांद्याचं फोटू काढीन."

"कांदा पळतोय व्हय रं?" तात्या म्हणाले. पण त्यांना हायसं वाटलं असावं. आम्ही चंदेरी कॅमेरा छापील किमतीला घेतला. परतीच्या एसटीत तात्या नारायणगाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

घरी पोचताच मी आईचा फोटो काढला. ती पदर सावरून छान हसली, मी बटण दाबलं, झूंऽऽ, लाल, हिरवा. "काढला का?" तिनं मान वळवून विचारलं, आणि खट्! दुसरा काढला, तोही तसाच. त्या आठवड्यात मी आईचे बावीस फोटो काढले आणि बावीसच्या बावीस "काढला का?" म्हणतानाचे आले. कोंबडीचा काढला तर नुसतं अंगण आलं. अंगण मात्र बारा मेगापिक्सलमध्ये इतकं स्वच्छ, की आई म्हणाली, "बघा, झाडायचं राहिलंय."

तात्या ओट्यावरून म्हणाले, "मी बाज्याच्या कानात सांगू का? बाबा, घाटाच्या मधी जरा थांब, मास्तरांचं यंत्र इचारात हाय म्हून?"

मला राग आला. अपमान माझा नव्हता, गणिताचा होता! मी घड्याळ लावून बसलो. बटण दाबल्यापासून खट् होईपर्यंत दीड सेकंद. म्हणजे बाज्या समोर यायच्या दीड सेकंद आधी दाबायचं. मी घाटात जाऊन पावलांनी अंतर मोजलं आणि एका दगडाला चुना फासला. बाज्या चुन्यापाशी आला की दाबायचं, तो माझ्यासमोर येईल तेव्हा खट्! सरावासाठी शेळी पळवली. सातव्या खेपेला शेळी अख्खी आली, शिंगांसकट. तात्यांनी फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या यात्रेसाठी त्यांनी मला स्वतःची नवी टोपी काढून दिली. त्या टोपीनं मला फार बळ आलं.

यात्रेच्या दिवशी घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. खालून गाडा सुटतो, वरच्या टोकाला निशाण असतं, सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. मी निशाणाजवळ एका बाजूला उभा, चुन्याच्या दगडावर नजर लावून. समोरच्या बाजूला बांधावर तात्या, हातात भंडाऱ्याची पिशवी, आणि त्यांच्या शेजारी दत्तू, गळ्यात काळा कॅमेरा. (कांद्याचे फोटो काढून झाले असावेत.)

भोंगा ओरडला, "आता येतोय तात्यांचा बाज्या! शेवटची बारी हाये मंडळी, टाळ्या आखडू नका!"

समोर तात्यांनी माझ्याकडं बघून एक हात वर केला. मी टोपी सावरली, कॅमेरा डोळ्यासमोर धरला. खाली गलका उठला, धूळ उडाली, गाडा सुटला. चुना... चुना... आला! मी बटण दाबलं.

आणि कॅमेऱ्यातून टिडिंऽग टिडिंऽग असं गोड संगीत वाजलं.

त्याचं काय आहे, त्या कॅमेऱ्याला बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप झोपायची सोय होती. (वहीत ही सोय मी "उत्तम" या रकान्यात लिहिली होती!) गाडा सुटायला वेळ लागला, तेवढ्यात हा झोपला. मी दाबलं तेव्हा तो जागा झाला, त्यानं स्वागतगीत म्हटलं, लेन्स सावकाश बाहेर काढली, स्क्रीनवर एक फूल उमलवलं. "अरे उठ! उठ की मेल्या!" मी ओरडत होतो आणि बटण दाबत होतो. माझ्या समोरून वारा गेला, धूळ गेली, घुंगरं वाजली, लोक बेभान झाले. झूंऽऽ. लाल. हिरवा. खट्!

बाज्या नंबरात आला होता. तात्या त्याच्या गळ्यात पडून रडत होते. मी गर्दीतून वाट काढत पोचलो. ते डोळे पुसत म्हणाले, "आला का रं फोटू?" मी स्क्रीन पुढं केला.

फोटोत बाज्या नव्हता. गाडा नव्हता. धुळीच्या पल्याड तात्या होते. दोन्ही हात वर, पटका उडालेला, तोंड उघडं, अंगभर भंडारा, आणि दोन्ही पाय बांधापासून चांगले हातभर वर!

"बाज्या कुठाय?" तात्यांनी विचारलं.

"गेला, तात्या."

त्यांनी मान हलवली, कासरा धरला आणि बाज्याला घेऊन ते गोठ्याकडं चालू लागले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी डोक्यावरची नवी टोपी काढून खिशात घातली.

घरी आईनं फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला आणि कडाडली, "गुडघे गेले म्हणून सहा वर्षं मला पाट मांडायला लावला! पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता! आणि हे काय? हे काय, सांगा!" तात्या गोठ्यातून बाहेर यायला तयार होईनात.

तेवढ्यात दत्तू आला. "तात्या, मी आपला दाबून बघितला. कसा आलाय कळंना." त्यानं काळा कॅमेरा पुढं केला. तात्यांनी गोठ्याच्या दारात तो हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. बाज्या! मान ताणलेली, शेपटी सरळ, चारी पाय वर. पाच मेगापिक्सलमध्ये त्याच्या नाकपुड्यासुद्धा दिसत होत्या. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माझ्याही. मग त्यांनी डोळे पुसले, स्क्रीन जवळ घेतला आणि विचारलं, "दत्तू, ह्यो मागं कोण रं?"

बाज्याच्या मागं, निशाणाजवळ, सगळी जत्रा हात वर करून ओरडत होती. त्यात नवी टोपी घातलेला एकच माणूस मान खाली घालून हातातल्या चंदेरी डबीला शिव्या देत उभा होता. अख्ख्या पंचक्रोशीनं बाज्याची शेवटची बारी पाहिली. ती न पाहिलेला माणूस घाटावर एकच, आणि त्याचा पुरावाही फोटोत आहे.

मंचरच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला तोच फोटो आता आमच्या बैठकीत लावलाय. (तात्यांच्या उडीचा आईनं स्वयंपाकघरात लावलाय, पाटाच्या बरोबर वर.) पाहुणे आले की तात्या त्यांना भिंतीपाशी नेतात, काठीनं दाखवतात.

"ह्यो आमचा बाज्या. चारी पाय वर, बघा! आन् त्यो मागं खाली मान घालून उभाय ना, त्यो थोरला. लई शिकलाय."