आमच्या गच्चीवरचा माणूस

"दिसतंय का? दिसलं की लागलंच!"

एक डोळा मिटायचा, हात कपाळाला आडवा लावायचा, लांब माळाकडं बघायचं आणि हे वाक्य टाकायचं. त्याच्या कामाची सुरुवात अशी व्हायची. समोर गिऱ्हाईक असो, गिऱ्हाइकाची म्हैस असो, नाहीतर फोनवर धाराशिवच्या ऑफिसात बसलेला मी असो, वाक्य तेच. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या मुरुम गावाकडची माणसं ओळखतीलच आणि ओळखल्या ओळखल्या त्याचं कौतुक सुरू करतील. ते ऐकायची माझी तयारी नाही.

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळतो. जळायचो असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहा?

आमची एक लहानशी कंपनी आहे. जिथं केबल पोचलेली नाही तिथं आम्ही हवेतून इंटरनेट पोचवतो. एका उंच जागेवर डिश लावायची, तिच्या मागं रेडिओ. दुसऱ्या गावातल्या गच्चीवर तशीच दुसरी. दोघींची तोंडं बरोबर समोरासमोर आली की काम झालं. मधे एखादा कडुलिंब वाढला, कुणी नवा मजला चढवला किंवा वाऱ्यानं डिश बोटभर फिरली, की अख्खं गाव फोन करतं. मी धाराशिवला बसून सगळे रेडिओ स्क्रीनवर बघायचो, सेटिंग करायचो. तो उमरग्याकडच्या भागात फिरून गच्च्या चढायचा.

मुरुमला एक उंच गच्ची हवी होती. उमरग्याच्या टॉवरवरून इंटरनेट तिथं उतरवायचं आणि तिथून आलूर, बेळंब अशा गावांना वाटायचं. मीच म्हणालो, आमची घ्या. बाजारपेठेतलं आमचं घर तीन मजली, वडील गेल्यापासून तिथं एकटी अव्वा, म्हणजे माझी आई. तिनं धाराशिवला माझ्याकडं राहायला यावं, एवढंच माझं तिच्याजवळ मागणं होतं. ती दरवेळी "बघू" म्हणायची. म्हटलं, तोवर निदान घरात इंटरनेट येईल, रोज फोनवर एकमेकांची तोंडं दिसतील. म्हणजे त्या माणसाला आमच्या घरात मीच आणून सोडला, हे तुम्ही लक्षात ठेवलंत तरी चालेल. मी ते विसरायचा प्रयत्न करतो.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मी तिथंच होतो. अंगानं आडवा, आवाज सभेतल्यासारखा, गाडीला दोन्ही बाजूंनी खताच्या पोत्यांत भरलेलं सामान. दारात चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "तुमाला काय म्हणून हाक मारू?"

"अव्वाच म्हण की," ती म्हणाली.

मी एकुलता एक. तोपर्यंत जगात तिला अव्वा म्हणणारा दुसरा कुणी नव्हता.

तो सीमेकडच्या गावचा, त्यामुळं कानडी घरचंच. वर चढायच्या आधी त्यानं तिला विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का, एवढंच. पण वडील गेल्यापासून त्या घरात तिला कानडीत असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी शिकायला धाराशिवला गेलो आणि तिथलाच झालो. कानडी मला कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही.

आता त्याच्या कामाबद्दल, कारण तुमचा समज होईल की तो फार मोठा कारागीर होता. तसं काही नव्हतं. वायरच्या टोकाला पिन बसवायची तर त्याच्या दहातल्या दोन सैल निघायच्या. रेडिओच्या तळाशी वायर जिथं आत जाते तिथं पाणी जाऊ नये म्हणून टेप गुंडाळायची असते, ती तो हमखास विसरायचा. पासवर्ड लक्षात नाहीत. डिश फिरवताना सिग्नलचा आकडा बघत अगदी हळू फिरवायची असते, मग ती सर्वांत चांगल्या जागी सापडते. हा बरा आकडा दिसला की लगेच नट आवळून मोकळा. मी एकदा जाऊन तीच डिश पुन्हा लावली की आकडा सुधारायचाच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगतोय, कारण मी लावलेल्या डिशला कुणी कधी चहा पाजला नाही.

माणसं मात्र त्यालाच मागायची. "आरसेवाल्याला पाठवा." ऑफिसात फोन आला की हेच.

त्या आरशाची गोष्ट अशी. गावातल्या गच्चीवर नवी डिश लावायची तर आमची मुरुमची गच्ची नेमकी कुठल्या दिशेला आहे ते कळायला हवं. मी मोबाईलमधला नकाशा उघडतो, दिशा बघतो, डिश वळवतो. पाच मिनिटांचं काम. ह्यानं काय करावं? त्यानं बेळंबच्या गच्चीवरून अव्वाला फोन लावला.

"अव्वा, तुमच्याकडं आरसा हाय का? घेऊन वर जावा. उन्हात धरा आन् बेळंबकडं हलवा."

अव्वा फणीकरंड्यातला आरसा घेऊन तीन जिने चढली. तिनं उन्हाची तिरीप बेळंबकडं मारली. बेळंबच्या गच्चीवरून ह्याला लांब मुरुमच्या घरांच्या गर्दीत एक ठिणगी चमकताना दिसली आणि हा ओरडला, "दिसतंय! दिसलं की लागलंच!" त्यानं डिशचं तोंड त्या चमकीकडं केलं. फोनमध्ये अव्वा विचारत होती, "लागलं का रे? अजून हलवू?"

झालं. तेव्हापासून नवी डिश म्हटली की अव्वाचा आरसा. कुठलं गाव कुठल्या दिशेला, सकाळी ऊन कुठून येतं आणि दुपारी आरसा कसा धरायचा, हे तिला पाठ झालं. शेजारणीला ती सांगायची, "आज आलूरचं काम हाय, मला यायला जमणार न्हाय."

मी चिडलो. तिचे गुडघे दुखायचे, डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी त्याला फोनवर झापलं, "अरे, ती म्हातारी बाई आहे. तुझं काम तिला कशाला सांगतोस? मोबाईलवर दिशा बघता येत नाही का तुला?"

"येतंय की," तो म्हणाला. "पर अव्वा इचारती, आज कुठलं गाव. मग न्हाय कसं म्हणू?"

गुडघे तर जास्त दुखायला हवे होते. नाही दुखले. उलट कमी झाले. आता याचा राग मी कुणावर काढायचा?

मग वाकळांचं प्रकरण झालं. दुपार झाली की उमरग्याकडून येणारा सिग्नल पडायचा आणि संध्याकाळपर्यंत आपोआप सुधारायचा. मी स्क्रीनसमोर बसून चॅनल बदलले, पॉवर कमीजास्त केली, रेडिओ बंद करून चालू केला. काही उपयोग नाही. तो गेला, जेवला आणि त्याला दिसलं की अव्वा डिशच्या बरोबर समोर ओल्या वाकळा वाळत घालते. जाड ओली वाकळ म्हणजे सिग्नलला भिंतच. वाकळ वाळली की भिंत गेली. यात त्याची हुशारी काही नाही. तो घरात जेवत होता आणि मी नव्हतो, एवढंच.

मी लगेच अव्वाला फोन केला. "गच्चीवर आता काही वाळत घालायचं नाही. खाली अंगणात दोरी बांध."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं ते "बरं" मला ओळखीचं आहे.

दुसऱ्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर बघतो तर आमच्या गच्चीचा आकडा घसरलेला. मी इतक्या निगुतीनं लावलेली डिश! ह्यानं तो खांबच उपटून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला होता. तिथून उमरग्याच्या वाटेत एका लिंबाचा शेंडा येत होता, म्हणून सिग्नल जरा कमी. दोरी मात्र होती तिथंच.

"कुणाला विचारून हलवलास?" मी फोनवर ओरडलो. "चांगला सिग्नल घालवलास की!"

"साहेब, चालतंय की नेट. कुणाची तक्रार हाय का?"

"तक्रार नसली म्हणून काय झालं? आधीची जागा बरोबर होती."

"सिग्नल तुमचा, गच्ची अव्वाची," तो शांतपणे म्हणाला. "तिथं ऊन चांगलं पडतंय."

मी फोन आपटला. बायको म्हणाली, "कोण होतं?" मी म्हणालो, "अव्वाचा लाडका." ती हसली. मला हसू आलं नाही.

एकदा तर हद्द झाली. दिवाळीला मी घरी होतो आणि हा फराळाला आला. लाडू तोंडात घालता घालता म्हणाला, "अव्वा, तू बस गं, मी घेतो." तू! पहिल्या दिवशी तुमी म्हणणारा माणूस कधी 'तू'वर आला, मला पत्ताच नाही. आणि अव्वा बसली. मी सकाळपासून तिला बस म्हणत होतो, तेव्हा ती बसली नव्हती.

त्याच दुपारी मी मुद्दाम गच्चीवर गेलो. टेप नसलेली वायर काढली, नवी पिन बसवली, नीट टेप गुंडाळली. अव्वा वर आली तेव्हा वाटलं, आता म्हणेल, माझ्या लेकानं काम कसं चोख केलं. ती म्हणाली, "तू कशाला चढलास? तो करतो की. तुला सवय न्हाय."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास. पण विचार करा. मी बोलावलं की ती म्हणायची, "पुढच्या महिन्यात बघू. आता तीन गावांची कामं हायेत." माझी आई मला कामाची सबब सांगत होती आणि ते काम त्यानं तिला दिलं होतं.

पुढं फायबर आलं. रस्त्याच्या कडेनं चर खणत केबल एकेका गावात पोचली आणि आमच्या डिशा एकेक करून उतरल्या. कंपनीनं ऑफिसातली माणसं ठेवली, गच्चीवरची कमी केली. त्यानं गुलबर्ग्याला दुसरं काम धरलं. आमच्या गच्चीवरचा खांब काढायला तो शेवटचा आला, त्या दिवशी अव्वानं त्याला शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या. हे मला तिनंच सांगितलं.

मला आनंद झाला. लाजायचं कशाला, सरळ आनंद झाला. म्हटलं, आता वाटेत कुणी नाही.

आणि खरंच, मी पुढच्या रविवारी गेलो तर ती "बघू" म्हणाली नाही. दोन पिशव्या भरून तयार होती.

ती धाराशिवला आली त्याला आता बरेच दिवस झाले. तिच्यासाठी वेगळी खोली केली, उंच पलंग घेतला, चढायला पायऱ्या नाहीत. बायको तिला भाजीसुद्धा निवडू देत नाही. मी ऑफिसातून आलो की अव्वा खुर्चीत बसलेली असते. हात मांडीवर, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. मी विचारतो, "बरं वाटतंय का?" ती म्हणते, "झकास हाय." मग आम्ही दोघं टीव्हीकडं बघतो. गुडघे पुन्हा दुखायला लागलेत.

परवा मला राहवलं नाही. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली होती. मी मागं गेलो आणि विचारलं, "अव्वा, एक विचारू? मी इतकी वर्षं ये ये म्हणत होतो, तेव्हा आली नाहीस. तो गेला आणि आलीस. असं त्याच्यात काय होतं गं?"

मला वाटलं, ती टाळेल. तिनं तांब्या खाली ठेवला.

"तू काय म्हणायचास? ये, इथं आरामात बस. तो म्हणायचा, अव्वा, तुझ्याबिगर काम अडलंय. खोटं म्हणत आसंल. मला काय कळत न्हाय व्हय? पर म्हणायचा. तुझं काय अडतंय रं माझ्याबिगर?"

मी सांगायला तोंड उघडलं. भाजी बायको निवडते. कपडे मशीन धुतं. औषधांचं मी बघतो. ती वाट बघत उभी होती, अगदी खरंच उत्तर हवं असल्यासारखी.

तेवढ्यात खोलीत तिचा फोन वाजला. मीच जाऊन आणून दिला. गुलबर्ग्याहून तोच होता. आवाज नेहमीसारखा सभेतला, मला कानाला न लावताही ऐकू आला. शेंगाचटणी करायला घेतली होती म्हणे, आणि लसूण किती घालायचा ते कळत नव्हतं.

"थांब, थांब, काही घालू नको आत्ताच!" अव्वा ओरडली आणि गुडघे विसरून भराभरा बाहेरच्या खोलीत गेली, तिकडं रेंज चांगली येते म्हणून.

लसूण किती घालायचा हे जगातल्या कुठल्याही बाईनं त्याला सांगितलं असतं. मी ओट्याशी उभा राहून ते सगळं ऐकलं, आणि पोटात दुखायचं ते दुखलंच.