नवी बॅटरी बसली की शिकवतो

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी कधी जमते, कुणाला कळत नाही. आमच्या रविवारच्या कंपनीचे किस्सेही तसेच जमत गेले. नवीन जालन्यात आमच्या शेजारी वकीलसाहेब राहायचे. त्यांची सेकंडहँड फियाट, रशीदभाई टायरवाले आणि बँकेतला मी, एवढीच कंपनी! गाडीची बॅटरी गॅरेजात न नेता घरीच बदलायची, ही साहेबांची हौस. पूर्वी हे सांगताना मी पोट धरून हसायचो. हल्ली वाईट वाटतं, तरी सांगतो.

*

पहिली बॅटरी. रशीदभाई ओरडून सांगत होते, "वकीलसाब, पहिले मायनस खोला! मायनस!"

साहेबांनी पाना लावला प्लसला. पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि असा जाळ उडाला, की साहेब दचकून ओरडले, "ऑब्जेक्शन!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी नुकतंच शिकाऊ लायसन काढलं होतं. अंबडला त्यांची आई एकटीच राहायची. साहेबांना कोर्टातून सवड नसायची आणि एसटीत वहिनींना मळमळायचं. मनात आलं की आपणच गाडी काढून आईकडे जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मंग, मला कधी शिकवता?"

"नवी बॅटरी बसू दे, लगेच शिकवतो!"

*

पुढच्या खेपेला साहेबांनी बॅटरी लेकरासारखी छातीशी धरून आणली. ॲसिड सांडलं पँटवर. ते तेव्हा दिसत नाही, धुतल्यावर दिसतं! सोमवारी साहेब कोर्टात पडलेला कागद उचलायला वाकले आणि पँट गुडघ्यावर टर्रकन फाटली.

जजसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, हे रेकॉर्डवर घ्यायचं का?"

घरी रफू करता करता वहिनींनी पुन्हा तेच विचारलं. साहेब वैतागले, "इथं माझी इज्जत गेली अन् तुला गाडीचं पडलंय! पुढच्या बॅटरीला बघू."

तोवर वहिनींच्या शिकाऊ लायसनची मुदत कधीच संपून गेली होती. त्यांनी दुसरं काढलं.

*

मग ती फायनल. दुपारी मॅच ऐन रंगात आली आणि लाईट गेली! साहेबांनी फियाटची बॅटरी काढून टीव्हीला जोडली. सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अंबडच्या रस्त्यावर वहिनींच्या हाती स्टिअरिंग द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं. वहिनी आईसाठी धपाटे बांधून सकाळीच तयार! साहेबांनी बॅटरी परत बसवून चावी फिरवली. खट्. पुन्हा खट्. मी आणि रशीदभाईंनी गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारला, काही उपयोग नाही.

वहिनींनी पिशवीत लिंबू टाकलं आणि बसस्टँडकडे निघाल्या. फाटकातून वळून त्यांनी विचारलं, "मॅच तरी जिंकले का?"

"न्हाई," साहेब म्हणाले, "हरले."

आम्ही तेव्हा खूप हसलो. हसायला नको होतं.

*

अंबडहून वहिनींची आई गेल्याचा निरोप आला, त्या सकाळी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मी आणि रशीदभाई मागे बसलो होतो. वाटेत साहेब म्हणाले, "रस्ता किती सरळ आहे, न्हाई?"

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण त्या दिवशी काय बोलावं ते त्यांना मुळीच कळलं नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

*

साहेबांनी वकिली सोडली, त्यानंतरचा हा रविवार. पाणी घालावं लागत नाही असली नवी बॅटरी आणली होती. साहेबांनी आधी मायनस खोललं. रशीदभाई म्हणाले, "माशाल्ला! शिकले एकदाचे." ना जाळ उडाला, ना ॲसिड सांडलं. गाडी झकास सुरू झाली.

वहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. साहेबांनी गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडून धरला.

"अगं, ये. बस इथं. आज शिकवतोच."

वहिनींनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि गाडीपर्यंत आल्या. आत वाकून त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. आम्हाला वाटलं, बसल्याच!

"शिकते की," त्या म्हणाल्या. "पण जाऊ कुणाकडं?"