चौकाकडे पाठ

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात समुद्राला लागून एक जुना चौक आहे. तीन बाजूंना कमानींच्या उंच इमारती, चौथी बाजू पाण्याकडे मोकळी. कापसावरच्या एका परिषदेत निबंध वाचायला मी परभणीहून तिथे गेलो होतो. चौकाला एका प्राचीन तत्त्ववेत्त्याचे नाव आहे. गणितात शिकलेल्या चिन्हांच्या आधाराने मी ती पाटी अक्षर-अक्षर लावून वाचली, आणि वाचून झाल्यावरही पाहत राहिलो. विद्यापीठाला एक नाव द्यावे की नाही, यावरून आमच्या मुलखात वस्त्या जळाल्या होत्या आणि तो प्रश्न अजून लोंबकळतच होता. इथे हे नाव कबुतरांच्या वर शांतपणे उभे होते.

बरोबरची मंडळी बाजारात गेली होती. मला त्या चौकात निवांत बसायचे होते, एवढेच. बाके रिकामी होती, पायऱ्या रिकाम्या होत्या. तरी मी नुसता फेऱ्या मारीत राहिलो. बाक जवळ आले की माझी पावले आपोआप भरभर पडू लागत.

चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून पायी जावे लागे, असे आमचे गाव. गावात शिरताच मारुतीसमोर पिंपळाचा पार. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीकडे जाणारी वाट त्यालाच खेटून. तिथून जाण्याची रीत वडिलांनी मला लहानपणीच शिकवली होती : "मान खाली. पाय उचल. थांबायचं न्हाई." पुढे मी शिकलो, प्राध्यापक झालो, पायांना मात्र ते कोणी कळवले नसावे.

मण्यांची माळ बोटांत फिरवीत बसलेला एक म्हातारा माझ्याकडे पाहून हसला. बाजूला सरकून त्याने बाकावर हात थोपटला. मी छातीला हात लावला, मनगटावरचे घड्याळ दाखवले आणि घाईत असल्यासारखा निघालो. रस्ता ओलांडून धक्क्याच्या काठावर गेलो आणि दगडावर बसलो, पाय पाण्यावर सोडून, चौकाकडे पाठ करून. समोर धुक्यात एक डोंगर दिसत होता. तो नीट पाहताच आला नाही. पाठीमागे कोण पाहत आहे, याचाच कानोसा मी घेत होतो. कोणीच पाहत नव्हते.

परतल्यावर गावी गेलो. वडील स्टेशनावर न्यायला आले होते. आमच्याआधी बातमी पारापर्यंत पोचली होती.

"या सायब!" पारावरचे एक जमीनदार म्हणाले. "इमानात बसून आलात म्हणं. मंग आमच्या पारावर काय काटे हायेत?"

"बसा की," दुसरा म्हणाला. "आज नामांतराचं न्हाई इचारीत आमी."

सगळे हसले. वडील माझ्यामागे मातीकडे पाहत उभे होते. मी संध्याकाळच्या गाडीने परभणीला जाणार होतो. उद्या सकाळी याच वाटेने ते जाणार होते. बसलो असतो तर तो उर्मटपणा ठरला असता, न बसलो तर माज. दोन्हींची झळ त्यांनाच लागणार होती.

"उशीर झालाय. पुन्हा कधीतरी," असे म्हणून मी हसलो. छातीला हातही लावला.

घरी वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बरं केलंस," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "तिकडं तरी बसलास का?"

"बसलो, बा. पाण्याच्या काठाला."

"आन् चौक?"

"पाठीमागं होता."

"लय शिकलास," ते म्हणाले. "पर सातासमुद्रापल्याड जाऊनबी गावाच्या शिवंवरच बसलास व्हय रे?"



उन्हे उतरल्यावर माझी पिशवी घेऊन ते स्टेशनापर्यंत सोडायला निघाले. पारावर मंडळी तशीच बसलेली होती. मी मान खाली घालून पुढे झालो आणि लक्षात आले, की मागची पावले वाजत नाहीत. वळून पाहिले. वडिलांनी पिशवी पारासमोर, वाटेच्या मधोमध खाली ठेवली होती. खिशातून विडी काढून ते सावकाश शिलगावीत होते. मान वर होती. पारावर कोणी काही बोलत नव्हते.

"चल बा," मी म्हणालो, "गाडी चुकेल."

गाडीला अजून बराच वेळ होता.